तुरेवाल्या कबुतराचं अंडं

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठल्या खुनातला कोयता विहिरीत सापडला आणि कुठल्या खुनातला कडब्याच्या गंजीत, हे आता मला खात्रीनं सांगता यायचं नाही. पण एका अंड्याचा तपास मी केला होता. तो मात्र पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या सहीपर्यंत जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. हसू नका. मीही त्या दिवशी हसलो होतो.

माझं ते निवृत्तीआधीचं शेवटचं ठाणं, वेल्ह्याच्या डोंगराळ भागातलं. ठाण्याचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावंही घेणार नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात. त्या भागात गुन्हेगारी बेताचीच. बांधावरून भांडणं, रस्त्यावरचे अपघात, फार्महाऊसवरून पाण्याच्या मोटारी चोरीला जाणं, आणि शनिवार-रविवारी गडावर वाट चुकलेली पुण्याची पोरं शोधून आणणं. वर्दीला इस्त्री राहील इतपत काम.

एका सोमवारी सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदारासमोर एक गृहस्थ येऊन बसले. पांढरा शर्ट, पायात महागडे बूट, चेहरा लाल झालेला. विंझरच्या पुढं यांचं मोठं फार्महाऊस आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्याकडं चोरी झाली आहे," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"अंडं."

अंमलदाराचं पेन थांबलं. मागं कुणीतरी खोकल्याचं नाटक केलं. मी बाहेर आलो आणि विचारलं, "कशाचं अंडं?"

"कबुतराचं," ते म्हणाले, आणि मग मलाही हसू आवरेना.

त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा हसू थांबलं. असलं कबुतर मी जन्मात पाहिलं नव्हतं. गावठी कोंबड्याहून मोठं, अंगानं निळसर राखाडी, छाती जांभळाच्या रंगाची, डोळे लाल. आणि डोक्यावर तुरा. तोही मोरासारखा नव्हे. प्रत्येक पिसाच्या टोकाला पांढरी किनार असलेला, उभा पसरलेला जाळीदार पंखाच. न्यू गिनी नावाच्या बेटावरच्या दाट पावसाळी जंगलात हे पक्षी राहतात, अशी माहिती त्यांनी पुरवली.

परदेशी जनावराची तक्रार घेऊन कुणी आलं की आधी त्याचेच कागद बघायचे, हा माझा नियम होता. निम्मी मंडळी तिथंच 'उद्या येतो' म्हणून उठतात. हे गृहस्थ उठले नाहीत. दोन्ही पक्ष्यांची रीतसर नोंदणी होती, सगळे कागद फायलीत लावलेले होते. मग फिर्याद घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गुन्हा दाखल केला, दोन पंच सोबत घेतले आणि विंझरकडं निघालो.

पक्ष्यांसाठी उभारलेला पिंजरा म्हणजे आपल्या गावाकडच्या शाळेएवढी जागा होती. दुमजली घराइतकी उंच जाळी, आत झाडं, खाली पालापाचोळा, पाण्याचे फवारे. मादी खाली पाल्यात चालत होती. हा पक्षी उडण्यापेक्षा चालतो जास्त. जंगलात खाली पडलेली फळं वेचत फिरतो आणि रात्री फांदीवर चढून बसतो. नर वर होता. दोन पुरुष उंचीवर वेताची मोठी परडी बांधली होती, तिच्यात काटक्यांचं घरटं, आणि त्यात तो बसून होता. मधूनच त्याच्या छातीतून एक खोल हुंकार यायचा, रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी आवाज काढावा तसा. तो आवाज कानापेक्षा पोटात जास्त जाणवायचा.

मालकांनी पुण्याहून पक्ष्यांचा डॉक्टर बोलावला होता. त्यानं सांगितलं ते असं. हे कबुतर एका वेळी एकच अंडं घालतं. नर-मादी आळीपाळीनं बसून अठ्ठावीस दिवसांच्या आसपास ते उबवतात. या अंड्याला पंचविसावा दिवस होता. आत जीव कसा आहे हे बघायला डॉक्टर बॅटरी घेऊन शिडीवर चढला, अंड्यामागं उजेड धरला, तर आत काहीच नाही. नीट बघतो तर ते अंडं कबुतराचं नव्हतंच. कोंबडीचं होतं! अस्सल पांढरं आणि मोठं अंडं काढून कुणीतरी तिथं गावठी कोंबडीचं बारकं, मातकट अंडं ठेवलं होतं. आणि त्या अंड्यावर एक काळी रेघ होती.

"ही पक्षी चोरणाऱ्या टोळीची खूण असणार," मालक म्हणाले. "कुठल्या पिंजऱ्यातलं काम झालं हे दाखवायला."

मी त्यांना वेड्यात काढलं नाही, हे इथंच कबूल करतो. उलट रेघेचा फोटो काढून घेतला. अंडं मुद्देमाल म्हणून सीलबंद करायला हात पुढं केला तर डॉक्टरनं अडवलं.

"राहू द्या साहेब. ते आपलं समजून त्यावर बसलेत. काढून घेतलं तर बिथरतील. त्यांचे दिवस भरेपर्यंत बसू द्या."

मला राग आला. तपास मी करतो की हा? पण अंडं काढायला शिडी चढावी लागणार होती आणि माझे गुडघे त्या वेळी कुरकुर करत होते. म्हटलं, राहू दे.

फाटकावर कॅमेरा होता. बाहेरचं कुणी आत आलेलं नव्हतं. आत राहणारी दोनच माणसं होती, रखवालदार आणि त्याची बायको. चाळिशीतलं जोडपं, पिंजऱ्यामागच्या एका खोलीत राहणारं. पोरगी लग्न होऊन गेलेली. तो झाडझूड, पाणी, फाटक बघायचा. ती पक्ष्यांना पपई, चिकू, भिजवलेले हरभरे घालायची. मालकांकडून आणखी एक गोष्ट कळली. याआधी दोनदा अंडं फुटलं होतं. एकदा पाहुण्यांच्या फटाक्यांनी पक्षी दचकून उडाला आणि अंडं खाली पडलं, दुसऱ्यांदा विजेच्या कडकडाटानं. दोन्ही वेळा बोल रखवालदाराला लागला. तिसऱ्यांदा काही झालं तर खोली रिकामी करायची, असं त्याला बजावलं होतं.

मला एवढं पुरेसं होतं. माणूस चिडलेला आहे, जाणारच आहे, तर जाता जाता अंडं कुणाला तरी विकलं. सरळ हिशेब.

रखवालदाराला ठाण्यात बोलावलं. सकाळी यायचं, अंधार पडायच्या आत जायचं, परत सकाळी हजर. अटक केली नाही. नुसतं बाकावर बसवून ठेवायचं आणि दर दोन तासांनी तेच तेच विचारायचं. पोलिसांत याला काही कलम लागत नाही, पण माणूस यानं पिळवटून निघतो.

"अंडं तू काढलंस?"

"न्हाई साहेब."

"मग कुणी काढलं?"

"ठावं न्हाई साहेब."

"बायकोनं काढलं असेल."

"ती कशाला काढंल? तिचा लई जीव हाय त्यांच्यावर."

सकाळी हेच, दुपारी हेच, संध्याकाळी हेच. एक शब्द इकडचा तिकडं नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा दर वेळी थोडं मीठमसाला घालतो, हे मला इतक्या वर्षांत पक्कं माहीत झालं होतं. पण वरून फोन सुरू झाले होते, मालकांची ओळख लांबवर होती, आणि मला आरोपी हवा होता. केस डायरीत मी लिहिलं, 'उत्तरे पाठ केल्यासारखी देतो.'

त्याची बायको दोन्ही दिवस दुपारी भाकरी घेऊन आली. चालत. फडक्यात बांधलेली भाकरी पहारेकऱ्याकडं द्यायची आणि वडाखाली उभी राहायची. जबाब तिचाही घेतला होता. 'मला काय ठावं न्हाई' यापलीकडं ती गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं मला गाठलं.

"साहेब, कवा सोडनार त्यास्नी? रातच्याला जेवत न्हाईत. नुसतं भितीकडं बगून बसत्यात."

"अंडं मिळालं की सोडू."

तिनं बोटांच्या पेरांवर अंगठ्यानं काहीतरी मोजलं आणि निघून गेली. ते मोजणं मी पाहिलं होतं. गिऱ्हाईक कधी येणार ते मोजत असेल, असा मी अर्थ लावला.

त्याच दुपारी खबऱ्याचा फोन आला. भोर शहरात एक म्हातारे कबुतरवाले आहेत, ते महिनाभरात दोनदा त्या फार्महाऊसवर जाऊन आले होते. झालं! मला वाटलं, गिऱ्हाईक सापडलं. साध्या कपड्यांत भोरला गेलो.

गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत. गच्चीवर लाकडी खुराडी, पाच-पन्नास कबुतरं. स्वतः सत्तरीच्या पुढचे, अंगात बंडी, हातात ज्वारीची वाटी. पोलीस आहे म्हटल्यावर घाबरले नाहीत. स्टूल पुढं सरकवलं.

"गेलो व्हतो की साहेब, दोनदा गेलो," ते म्हणाले. "सारी उमर कबुतरात गेली. एवढं मोठं कबुतर असतं हे कुनी सांगितलं, मग बगायला नको? त्या रखवालदारानं जाळीबाहेरनंच दावलं. हात बी लावू दिला न्हाई. मालकाचा हुकूम न्हाई म्हनला."

"अंडं विकत घेणार होता का?"

चाचा हसले. "साहेब, आंडं घिऊन कोन काय करनार? कोंबडीचं पिल्लू फुटल्या फुटल्या दानं टिपतं. कबुतराचं तसं न्हाई. ते आंधळं, उघडं निघतं. त्याला आईबापाच्या नरड्यातलं दूध लागतं."

"कबुतराला दूध?"

"व्हय तर. मायीला येतं अन् बापाला बी येतं. दह्यागत घट्ट. पिल्लू बापाच्या चोचीत चोच घालून पितं. अन् ते दूध कवा येतं? आंड्यावर दिस भरेपातुर बसलं तरच. हितं माझी बारकी कबुतरं हायती, त्यांचं बी तसंच, अन् त्या मोठ्याचं बी तसंच असनार. जात एकच." त्यांनी वाटी खाली ठेवली. "आंडं कवा घातलंय म्हनाला?"

मी सांगितलं.

"मंग साहेब, जिवंत असंल तर ते जिथं असंल तिथं उद्या-परवा फुटनार. अन् फुटलं की दोन दिसांत मरनार. ज्यानं नेलं त्याला कबुतर कळत न्हाई. तुमी चोर सावकाश धरा, पिल्लू आधी हुडका."

गाडीत बसल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की मी ज्या वस्तूचा तपास करतोय ती वस्तू नाही, जीव आहे. पण पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं. विकत घेणारा नाही तर चोरी कशासाठी? आल्यावर रखवालदाराला पुन्हा तेच प्रश्न विचारले. त्यानं पुन्हा तीच उत्तरं दिली.

तिसऱ्या दिवशी आमच्या हवालदार बाई जत्रेच्या बंदोबस्तावरून परत आल्या. बाई घाटमाथ्याकडच्या एका वाडीतल्या. कामाला वाघीण आणि बोलायला फटकळ. मी त्यांच्याकडं फाईल दिली आणि कागद नीट लावायला सांगितले. पाचच मिनिटांत त्या माझ्या खोलीत. हातात रेघेच्या अंड्याचा फोटो.

"साहेब, ह्ये टोळीची खून म्हनून कुनी लिवलं?"

"का?"

"हसू येतंय म्हनून इचारते." त्या खुर्चीत बसल्याही नाहीत. "खुराड्यातली सगळी अंडी काढली तर कोंबडी जागा सोडती, दुसरीकडं कुठंतरी घालती. म्हनून एक अंडं तसंच ठेवायचं. अन् ते रोजच्या ताज्या अंड्यांत मिसळू नये म्हनून त्याला कोळशाची रेघ मारायची. माझ्या आईच्या खुराड्यात आत्ता गेलात तरी असलं अंडं दिसंल."

मी फोटो हातात घेतला.

"चोर अंडं घेऊन पळतो साहेब," बाई म्हणाल्या. "घरटं रिकामं राहू नये म्हनून मागं दुसरं ठेवत न्हाई. ह्ये काम कोंबड्या पाळनाऱ्या बाईमाणसाचं हाय. अन् तिला त्या पाखरांची काळजी हाय."

फार्महाऊसवर रोगराईच्या भीतीनं कोंबडी पाळायला बंदी होती. मग कोंबडीचं अंडं आलं कुठून? फाटकाच्या कॅमेऱ्यात ते होतं, आम्ही बघून सोडून दिलं होतं. सोळा-सतरा दिवसांपूर्वी रखवालदाराची बायको माहेरी हिर्डोशीला जाऊन आली होती. आल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेली होती. हातात कपड्यांची पिशवी, दुसरं काही नाही. माहेरी जाणाऱ्या बाईकडं कोण बघतं?

तिला ठाण्यात आणायचं नाही, असं बाईंनी मला बजावलं. आम्हीच गेलो. ती पिंजऱ्यापाशी पपई चिरत बसली होती. मी लांब उभा राहिलो. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, दुसरी विळी ओढली आणि चिकू सोलायला लागल्या. पाऊस, बाजार, पोरीचं सासर, असं काय काय झालं. मग बाईंनी सहज विचारलं, "तुमच्याकडं बी कोळशानंच रेघ मारत्यात का गं अंड्याला?"

"व्हय. तुमच्यात?" ती म्हणाली.

आणि हात तोंडावर गेला. डोळे माझ्याकडं वळले.

इतक्या वर्षांत मी पुष्कळ कबुलीजबाब घेतले. इतका साधा एकही नव्हता.

"आजचा एक दिस द्या बाई," ती रडायला लागली. "आज अठ्ठावीस भरत्यात. पिल्लू निघालं की म्या स्वता आनून घरट्यात ठेवनार व्हते. आंडं ठेवलंय तसंच पिल्लू ठेवनार व्हते. कुनाला कळलं बी नसतं."

सगळं बाहेर आलं. दोन अंडी तिच्यासमोर फुटली होती. ही पाखरं जरा काही वाजलं की उडतात, असं तिला वाटायचं. माहेरी गेली तेव्हा आईची एक कोंबडी खुडूक बसली होती. असली कोंबडी ढग कोसळला तरी हलत नाही. बदकाची अंडी कोंबडीखाली उबवतात, मग कबुतराचं का नाही? खुराड्यातलं रेघेचं अंडं तिनं पिशवीत घातलं, दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून अदलाबदल केली, आणि ते मोठं अंडं फडक्यात गुंडाळून, पोटाशी बांधून, पदराखाली झाकून एसटीनं हिर्डोशीला नेलं. विंझरला कुणाच्या कोंबडीखाली ठेवलं असतं तर संध्याकाळपर्यंत मालकाच्या कानावर गेलं असतं, म्हणून एवढ्या लांब.

"नवऱ्याला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

तिनं मानेनंच नाही म्हटलं.

तिला आणि बाईंना सोबत घेऊन लगेच गाडी काढली. खरं तर तेव्हाच ठाण्यात फोन करून तिच्या नवऱ्याला सोडायला सांगायला हवं होतं. मी केलं नाही. आधी अंडं डोळ्यांनी बघू, मग सोडू, असं ठरवलं. वाटेत भोरला चाचांना घेतलं. त्यांना निघताना फोन केला होता, ते घराबाहेर तयारच उभे होते, गरमीत स्वेटर घालून.

हिर्डोशीच्या वरच्या वाडीपर्यंत गाडी जात नाही, शेवटचा तुकडा चालावा लागला. गुडघ्यांचं नाव काढलं नाही. घरात कोपऱ्यात पाटी, पाटीत कोंबडी, आणि पाटीपुढं रखवालदाराची सासू. तिच्या एका हातात नाचणीची पेज होती, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा.

"सकाळच्याला निगालं," ती म्हातारी म्हणाली. "पर ह्ये कसलं पिल्लू? डोळं उगडंना, दाना टिपंना. कोंबडी पुढ्यात दानं टाकती, ह्ये नुसतं मान वर करतंय. म्हनलं पेज तरी पाजावी."

"थांबा!" चाचा उंबऱ्यातूनच ओरडले. "पेज नगा, पानी बी नगा. गुदमरंल ते."

कोंबडीनं माझ्या हातावर दोन सणसणीत चोची मारल्या. तिच्या पोटाखाली ते होतं. विरळ लव असलेलं गुलाबी अंग, मिटलेले डोळे, अंगाला न शोभणारी मोठी चोच. मान उचलायचं, हेलकावायचं, पाडायचं. रखवालदाराच्या बायकोनं ते पाहिलं आणि तिला एकदम कळलं.

"म्या मारलं ह्याला," ती म्हणाली.

"अजून न्हाई," चाचा म्हणाले. त्यांनी पिल्लू फडक्यात घेतलं आणि स्वेटरच्या आत छातीशी धरलं. "निगताना पोटात थोडं असतं त्याच्या. दिसभर पुरंल. तिकडं नर-मादी बसल्यात ना अजून?"

"कोंबडीच्या अंड्यावर बसलेत," मी म्हणालो.

"मंग दूध आलं असनार. चला."

पोलीस पाटील आणि आणखी एक जण पंच म्हणून घेतले. पंचनाम्यात काय लिहायचं? चोरीस गेलेला माल, अंडं एक. मिळून आलेला माल, पिल्लू एक, जिवंत. असा पंचनामा मी पहिल्यांदाच लिहिला. पोलीस पाटलानं तीनदा वाचून सही केली.

वाडीत मोबाईलला रेंज नव्हती. भोरजवळ आल्यावर मालकांना आणि डॉक्टरला फोन केला, आणि ठाण्यातही केला. रखवालदाराला सोडा म्हटलं. त्याला घरी पोचवायला गाडी नव्हती, तो निघाला तसाच.

ऊन कलायच्या सुमारास विंझरला पोचलो. मालक फाटकात उभे होते. "या बाईला आत पाऊल टाकू देणार नाही," त्यांनी सुरुवात केली. चाचा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, स्वेटरवर हात ठेवून.

"मालक, पाखरांना रोज चारा कोन घालतं?"

मालकांनी तिच्याकडं पाहिलं.

"मंग तीच जाऊ दे. दुसरं कुनी गेलं तर पाखरू उडंल."

डॉक्टरनं मान डोलावली. शेवटी मालकही बाजूला झाले. ती शिडी चढली. आम्ही सगळे जाळीबाहेर. नर घरट्यात बसलेला. तिनं हलक्या हातानं त्याच्या पोटाखाली पिल्लू सरकवलं आणि रेघेचं अंडं काढून घेतलं. तो उठून उभा राहिला. तुरा ताठ. खाली वाकून बघत राहिला, बघतच राहिला. त्यानं पिल्लाला टोचलं असतं, ढकललं असतं तर तिथं कुणालाच काही करता येणार नव्हतं.

मग तो सावकाश खाली बसला. तो घागरीतला हुंकार आला. आणि थोड्या वेळानं त्यानं मान खाली घातली. चाचांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

"पाजतोय," ते पुटपुटले. "बाप पाजतोय, बगा."

मी पोलीस आहे, असल्या गोष्टींनी मला भरून येत नाही, असं मी आजवर सांगत आलो होतो.

मागं वळलो तर रखवालदार उभा होता. ठाण्यातून मिळेल त्या टेम्पोनं आला होता, शर्ट घामानं भिजलेला. हवालदार बाईंनी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं असावं. बायको शिडीवरून उतरून त्याच्यासमोर आली. तिच्या हातात ते कोंबडीचं अंडं अजून होतं.

"मला सांगायचं व्हतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुमी साहेबास्नी सांगितलं असतं. पयल्या खेपेलाच."

त्यानं थोडा विचार केला. "व्हय," तो म्हणाला. "सांगितलं असतं."

म्हणूनच तिनं त्याला सांगितलं नव्हतं. नवरा खोटं बोलू शकत नाही, हे तिला ठाऊक होतं, विंझरमध्ये चार जणांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. तीन दिवस माझ्यासमोर बसून तो खरं बोलत होता, आणि दर वेळी तेच बोलत होता कारण खऱ्याला दुसरी आवृत्ती नसते. मी ते पाठांतर समजलो.

पुढचं थोडक्यात. चोरीचा हेतू नव्हता, गैरसमजातून घडलं, म्हणून वरिष्ठांशी बोलून 'क' समरीचा अहवाल कोर्टात पाठवला, म्हणजे गुन्हा खराही नाही आणि खोटाही नाही. मालकांनी हरकत घेतली नाही. माणूस तापट होता पण दुष्ट नव्हता. पिल्लू घरट्यातून उतरून पाल्यात चालायला लागलं तेव्हा त्यांनी मला आपणहून फोटो पाठवला. दोघांना कामावर ठेवलं आणि खोलीचं पुन्हा नाव काढलं नाही. चाचांना मात्र महिन्यातून एकदा गाडी पाठवून बोलावू लागले.

या प्रकरणानं मला कबुतराविषयी पुष्कळ शिकवलं. पण खरी शिकवण निराळी होती. नोकरीत आम्हाला खोटं ओळखायला शिकवतात. घाम, नजर, अडखळणं, जुळवाजुळव, सगळं. खरं कसं दिसतं, हे कुणी शिकवत नाही, आणि इतकी वर्षं फक्त खोटंच शोधत राहिलं की पुढ्यात आलेलं खरंही संशयास्पद वाटायला लागतं. माझ्यानंतर येणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगीन की पिंजऱ्याला चारा घालणाऱ्या बाईशी आधी बोला, आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून बोला.

निवृत्तीनंतर एकदा त्या रस्त्यानं जाणं झालं, तेव्हा मुद्दाम थांबलो. रखवालदारानं फाटक उघडलं. मला ओळखून क्षणभर अंग चोरलं, मग आत नेलं. खोलीपुढं बाज टाकली. बायकोनं चहा आणला. मी बोलायचं ठरवून गेलो होतो, चहा निम्मा झाला तेव्हा कप खाली ठेवला.

"त्या तीन दिवसांचं माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्ही खरं बोलत होता आणि मी ऐकलं नाही."

माझी समजूत काढायला हवी, असं त्याला वाटलं असावं. त्यानं माझ्या गुडघ्याला हलकेच हात लावला.

"असू द्या साहेब," तो म्हणाला. "तुमी मारलं कुठं मला?"

चांगल्या मनानं म्हणाला होता. मला त्यानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.